लिहिणाऱ्यांनो, चार खरे वाचक जोडा

नव्याने लिहू लागलेल्यांच्या अडचणी गाव बदललं तरी फारशा बदलत नाहीत. कथा लिहून तयार आहे, पण दाखवायची कुणाला? घरच्यांना सगळंच आवडतं आणि मित्रांना वेळ नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तीन-चार साहित्य समूहांत रोज कविता टाकली जाते, रोज हात जोडलेली चित्रं आणि फुलं येतात, पण लेखन सुधारतंय की तिथेच आहे, हे कळत नाही. फेसबुकवर टाकलं तर कुणी उचलेल का? प्रातिनिधिक संग्रहासाठी पैसे मागताहेत, ते द्यावेत का? हे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. लिहिणाऱ्याला आधार हवा असतो, पण तो कशाचा, हे ठरलेलं नसतं. या लेखाचं म्हणणं असं की मोठ्या समूहात दाद मिळते, ओळखी होतात, हुरूप येतो. पण लेखक म्हणून आधार देतात ती तुमचा मजकूर शेवटपर्यंत वाचून, विचार करून, ठरल्या वेळी बोलणारी चार-पाच माणसं. तेव्हा मोठ्या समूहांचा उपयोग ही माणसं शोधण्यासाठी करा आणि त्यांच्यासोबत एक छोटं मंडळ बांधा. ते कसं, हे पुढे टप्प्याटप्प्याने पाहू.

छोटं मंडळच का?

साधा हिशेब मांडून पाहा. दोनशे जणांच्या समूहात रोज फक्त पन्नास जणांनी शंभर-शंभर शब्दांची रचना टाकली, तरी दिवसाला ५,००० आणि महिन्याला दीड लाख शब्द होतात. एवढा मजकूर मन लावून वाचणं नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाला शक्य नाही. मग सदस्य ओझरतं पाहतात आणि ‘अप्रतिम’ लिहून पुढे जातात. त्यात कुणाचा खोटेपणा नसतो. एवढ्या मोठ्या समूहात दुसरं काही घडूच शकत नाही. आता पाच जणांचं मंडळ घ्या. पंधरवड्यातून एकदा भेट, दर भेटीला दोघांचा मजकूर, प्रत्येकी ३,००० शब्दांपर्यंत. म्हणजे प्रत्येकाला पंधरा दिवसांत फार तर ६,००० शब्द वाचायचे आहेत. हे सहज जमतं, आणि साधारण पाच आठवड्यांनी प्रत्येकाची पाळी येते. एक कथा सुधारून पुढची लिहायलाही तेवढा अवधी लागतोच.

मराठी साहित्याचा इतिहासही हेच सांगतो. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ उभं राहिलं तेव्हा माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांच्यासह त्यात मोजकीच मंडळी होती. एकमेकांच्या कविता ऐकणं, त्यावर बोलणं आणि मग एकत्र प्रकाशित करणं, हा त्यांचा मार्ग होता. १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चालवलं, तेव्हाही हाताशी होते ते थोडे सोबती आणि सायक्लोस्टाइलचं यंत्र. सुरेश भटांनी गझल लिहू पाहणाऱ्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ तयार केली आणि नव्या गझलकारांना पत्रांतून मार्गदर्शन केलं. तिथेही एकाने दुसऱ्याची ओळ न् ओळ वाचणं हाच गाभा होता. पूर्वी यासाठी एका शहरात असावं लागे किंवा टपालाची वाट पाहावी लागे. आता गडचिरोलीतली शिक्षिका, पणजीतला बँक कर्मचारी आणि न्यू जर्सीतली अभियंता एकाच मंडळात बसू शकतात. माध्यमाने अंतर मिटवलं आहे. वाचण्याचे कष्ट मात्र आजही माणसालाच घ्यावे लागतात.

यावर कुणी म्हणेल, लेखन हा एकांताचा व्यवहार आहे, त्यात मंडळ कशाला? पहिला खर्डा एकांतातच लिहावा, हे अगदी खरं. पण जे मनात होतं ते कागदावर उतरलं का, हे लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, कारण वाचताना गाळलेल्या जागा त्याचं मन आपोआप भरत जातं. त्या जागा दाखवायला दुसरे डोळे लागतात. दुसरा आक्षेप असा की कौतुकानेही बळ येतं. येतं, आणि सुरुवातीला त्याची गरजही असते. पण कौतुकावरच थांबलेला लिहिणारा पहिला नकार आला की कोसळतो, कारण आपल्या लेखनात काय टिकाऊ आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी स्वतःची गरज ठरवा

शोध सुरू करण्यापूर्वी पुढच्यापैकी नेमकं काय हवं आहे ते एका ओळीत लिहून ठेवा. प्रत्येक गरजेची जागा वेगळी आहे.

- नियमितपणा: लिहायला बसणंच होत नसेल, तर एक ‘लेखनसोबती’ पुरे. रोज ठरल्या वेळी दोघांनी लिहायचं आणि किती शब्द झाले ते कळवायचं.
- अभिप्राय: मजकूर तयार आहे पण कच्चा वाटतो, तर चार-पाच जणांचं मंडळ हवं.
- तंत्र: वृत्त, गझल, संवाद, एकांकिका असं काही शिकायचं असेल, तर जाणकार मार्गदर्शक किंवा कार्यशाळा शोधा.
- वाचक: लेखन पक्कं झालं आहे, आता ते लोकांपुढे न्यायचं आहे, तर मोठी व्यासपीठं आणि नियतकालिकं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अभिप्राय हवा असताना वाचकांच्या बाजारात उतरणं. दिवाळी अंकांचे संपादक आणि बहुतेक कथास्पर्धा ‘अप्रकाशित’ साहित्य मागतात. फेसबुकवर सर्वांसाठी खुला केलेला किंवा संकेतस्थळावर टाकलेला मजकूर अनेक ठिकाणी प्रकाशित धरला जातो. कच्चा खर्डा उघड्यावर टाकला, तर पक्क्या कथेची वाट आपणच बंद केलेली असते.

माणसं शोधायची कुठे?

- मराठी संकेतस्थळं: मायबोली १९९६पासून सुरू आहे आणि परदेशातल्या मराठी माणसांचा तिथे मोठा वावर राहिला आहे. तिथे गझलेच्या कार्यशाळाही झाल्या. मिसळपाव आणि ऐसी अक्षरे इथेही कथा, कविता, लेखांवर सविस्तर चर्चा वाचायला मिळतात. जुन्या चर्चा शोधता येतात, हा या जागांचा मोठा फायदा. कोण कसा वाचतो, हे लिहिण्यापूर्वीच कळतं.
- कथेची अ‍ॅप: २०१४मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या व्यासपीठावर मराठीत क्रमशः लिहिणारे अनेक जण आहेत. मालिका-कथा, प्रेमकथा, रहस्यकथा लिहिणाऱ्यांना समानधर्मी इथे लवकर भेटतात.
- फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप समूह: अष्टाक्षरी, चारोळी, हायकू, गझल, बालसाहित्य, बोलीतलं लेखन अशा एकेका विषयाचे समूह असतात. सर्वसाधारण समूहापेक्षा विषयाला वाहिलेला समूह निवडा.
- जवळच्या संस्था: साहित्य परिषदेची शाखा, सार्वजनिक ग्रंथालय, महाविद्यालयाचं वाङ्मय मंडळ, परदेशात असाल तर तिथलं महाराष्ट्र मंडळ. ओळख प्रत्यक्ष झाली तरी पुढचं काम ऑनलाइन करता येतं.

चार जण निवडायचे टप्पे

नव्या समूहात गेल्या गेल्या स्वतःचं लेखन टाकू नका. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, आणि तुम्हीही कुणाला ओळखत नाही. पुढचा क्रम वेळखाऊ वाटेल, पण दीड-दोन महिन्यांत त्याचं फळ मिळतं.

1. पहिले दोन आठवडे फक्त वाचा. प्रतिक्रियांकडे लक्ष द्या. मजकुरातल्या नेमक्या जागेबद्दल कोण बोलतं? मतभेद असूनही लेखकाचा मान कोण राखतं? अशी पाच-सहा नावं टिपून ठेवा.
2. आधी द्या. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या एकेका लेखनावर चार-पाच वाक्यांचा मनापासून, नेमका अभिप्राय लिहा. तुम्ही कसे वाचता, हे त्यांना दिसू द्या.
3. थेट विचारा. ‘आपली अमुक कथा वाचली. मीही कथा लिहितो. महिनाभर एकमेकांचं एकेक लेखन वाचून पाहायचं का?’ एवढा निरोप पुरेसा आहे. महिनाभराचं निमंत्रण नाकारायलाही सोपं असतं आणि थांबवायलाही.
4. एकेकाशी करून पाहा. एक देवाणघेवाण झाल्यावर सूर जुळतो की नाही ते कळतं. वेळ न पाळणारा, फक्त घेणारा किंवा फक्त शुद्धलेखनाच्या चुका काढणारा सोबती असेल, तर आभार मानून तिथेच थांबा.
5. जुळलेल्या चार-पाच जणांना एकत्र आणा. सगळे एकाच पातळीवर असण्याची गरज नाही. सगळे लिहिते असणं मात्र गरजेचं आहे.

इथे एक रास्त शंका येते. आपल्यासारख्याच माणसांत बसलं की सगळ्यांचं लेखन एकसुरी होत नाही का? होऊ शकतं. त्यासाठी वय, प्रदेश किंवा व्यवसाय वेगळा असलेला निदान एक जण मंडळात असू द्या. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणीत लिहिणाऱ्याला आपली बोली जाणणारा एक आणि न जाणणारा एक, असे दोन्ही वाचक लागतात. पहिला भाषेचा खरेपणा तपासतो, दुसरा मजकूर आपल्या भागाबाहेर पोहोचतो का ते सांगतो.

मंडळाचे नियम पहिल्याच दिवशी लिहा

मंडळं मोडतात ती बहुतेकदा न ठरलेल्या गोष्टींवरून. म्हणून पानभर नियम सगळ्यांनी मिळून लिहावेत:

- मजकूर भेटीच्या निदान सात दिवस आधी, युनिकोडमध्ये पाठवायचा. जुन्या फॉन्टमधली अक्षरं दुसऱ्याच्या फोनवर उमटत नाहीत.
- पाळी ठरलेली. लेखन तयार नसेल तर पाळी पुढच्याला. वाचणं मात्र कुणालाच माफ नाही.
- मंडळातला मजकूर बाहेर जाणार नाही. मूळ लेखकाला विचारल्याशिवाय तो कुणालाही पाठवायचा नाही, कुठल्याही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात टाकायचा नाही.
- शुभेच्छा, सुविचार, राजकीय संदेश यांना या समूहात जागा नाही.
- तीन महिन्यांनी सगळ्यांनी मिळून आढावा घ्यायचा. बाहेर पडणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

सदस्य वेगवेगळ्या देशांत असतील तर वेळही लिहून ठेवा. भारतात रविवारी रात्री ९ वाजतात तेव्हा लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, तर न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा असतात. हिवाळ्यात दोन्हीकडे तासाने आधीची वेळ येते. घड्याळं बदलण्याच्या आठवड्यात भेट चुकते, तेव्हा आदल्या दिवशी आठवण करून द्या. भेटीपेक्षा लेखी अभिप्राय सोयीचा वाटला, तर सर्वांना टिपणं लिहिता येतील असा सामायिक दस्तऐवज वापरा. जुने खर्डे त्यात राहतात, त्यामुळे काय बदललं ते मागे जाऊन पाहता येतं.

अभिप्राय: द्यावा कसा, घ्यावा कसा

वाचणाऱ्याने एक मर्यादा सांभाळावी. अडचण कुठे आहे ते सांगणं त्याचं काम. ती कशी सोडवायची हे लेखकाचं. ‘शेवट बदल, नायिकेला परत येऊ दे’ असं सांगितलं की कथा सांगणाऱ्याची होऊ लागते. ‘तिसऱ्या पानावर ती घर का सोडते ते मला कळलं नाही’ असं सांगितलं की लेखकाला शोधायला जागा मिळते. प्रत्येक वाचनानंतर या चार प्रश्नांची उत्तरं द्यावीत:

- वाचून झाल्यावर काय लक्षात राहिलं?
- कुठे गुंतलात?
- कुठे लक्ष उडालं?
- काय कळलं नाही, किंवा पटलं नाही?

घेणाऱ्याने ऐकताना समर्थन करू नये. छापलेल्या कथेसोबत लेखक वाचकाच्या घरी जात नाही. जे पानावर नाही, ते सांगून उपयोग नाही. सगळं टिपून घ्या आणि दोन दिवस हात लावू नका. मग पाहा: पाचपैकी तिघे एकाच जागी अडखळले असतील, तर तिथे नक्की काही बिघडलं आहे, मग त्यांनी सुचवलेले उपाय चुकीचे का असेनात. एकट्याचाच आक्षेप असेल, तर तो तपासा आणि पटला तरच घ्या. आणि मन खचेल अशी भीती वाटत असेल, तर आधीच सांगा: ‘हा पहिला खर्डा आहे, सध्या फक्त कथा पुढे न्यावी का एवढंच सांगा.’ कुठल्या टप्प्यावर किती ऐकायचं, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा आहे.

चोरीची भीती आणि तुमचे हक्क

या भीतीपोटी कित्येक जण कुणालाच काही दाखवत नाहीत. कायदा नीट समजला तर ती बरीच कमी होते. कॉपीराइट अधिनियम, १९५७नुसार लेखन झालं की त्याचा हक्क आपोआप लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. ती हवी असेल तर साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. मात्र संरक्षण मिळतं ते मांडणीला, कल्पनेला नाही. ‘दुष्काळात गाव सोडणारं कुटुंब’ ही कल्पना कुणाच्याच मालकीची नसते. तुमच्या वाक्यांत उभं राहिलेलं ते कुटुंब तुमचं असतं. लक्षात ठेवण्याजोगे मुद्दे असे:

- हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि तुमच्या सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता, असं कायदा मानतो.
- हक्क दिल्यानंतरही, लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा आणि प्रतिमेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा विशेष अधिकार कलम ५७नुसार तुमच्याकडे राहतो.
- अ‍ॅपवर टाकण्यापूर्वी अटी वाचा. तुम्ही केवळ दाखवण्याची परवानगी देत आहात, की तीच कथा इतरत्र छापण्याचा किंवा श्राव्य रूपात आणण्याचा हक्कही सोडत आहात?
- प्रत्येक खर्डा स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. तारखेचा पुरावा हाताशी राहतो.
- तुमचं लेखन दुसऱ्याच्या नावे दिसलं, तर आधी तारखेसह स्क्रीनशॉट आणि दुवा जपा, मग त्या व्यासपीठाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१नुसार २४ तासांत पोच मिळाली पाहिजे. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

मूळ प्रत मात्र स्वतःकडेच ठेवा. ऑर्कुट २०१४मध्ये, याहू ग्रुप्स २०२०मध्ये बंद झालं. एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ हा उपक्रम अमेरिकेत १९९९ साली २१ जणांनी सुरू केला. तो जगभर पोहोचला, तरी २०२५मध्ये त्याच्या संस्थेने गाशा गुंडाळला. व्यासपीठ जातं, सोबत्यांचे पत्ते आणि लेखनाच्या प्रती आपल्याकडे असतील तर मंडळ दुसरीकडे चालू राहतं.

पैसे मागितले तर

नवोदितांच्या समूहांतून प्रातिनिधिक कवितासंग्रह, ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार, सन्मानपत्रं यांची निमंत्रणं सतत येतात. सगळीच फसवी नसतात. आपली कविता पुस्तकात पाहण्याच्या आनंदासाठी कुणी जाणून-समजून खर्च केला, तर त्यात गैर नाही. पण निवड आणि विक्री हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची ‘निवड’ होत असेल, तर त्या निवडीने लेखनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. निर्णयापूर्वी विचारा: संपादक कोण? किती रचना नाकारल्या जातात? प्रती किती आणि त्या विकल्या कुठे जाणार? मानधन आहे का? उत्तरं टाळली गेली, तर पैसे देऊ नका. आयएसबीएन क्रमांकासाठी वेगळी रक्कम मागितली जात असेल, तर लक्षात घ्या, भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो.

पैसे न भरता पुढे जाण्याच्या वाटाही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. केंद्र सरकारने २०२१ साली राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत सुरू केलेल्या ‘युवा’ योजनेत ३० वर्षांखालील लेखकांना मार्गदर्शन आणि शिष्यवृत्ती दिली जाते; मराठीही त्यात आहे. अर्जाच्या तारखा अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

त्रास होत असेल तर

साहित्याच्या नावाने रात्री-अपरात्री निरोप, ‘मार्गदर्शना’साठी एकटीला भेटण्याचा आग्रह, नकार दिल्यावर बदनामी, असे प्रकार नव्या लेखिकांच्या वाट्याला येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला समूहात कोण घेऊ शकेल ते मर्यादित करा, छायाचित्र अनोळखी लोकांपासून झाका, लेखनासाठी वेगळा ईमेल वापरा. पहिल्या भेटी मंडळासोबतच ठेवा. स्पष्ट नकारानंतरही कुणी पिच्छा पुरवत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८नुसार महिलेचा असा पाठलाग, ऑनलाइन असला तरी, गुन्हा आहे. निरोप पुसू नका; तोच पुरावा असतो. आणि मंडळातल्या इतरांनो, ही तक्रार कानावर आली तर ‘मोठे साहित्यिक आहेत, जाऊ द्या’ म्हणू नका. सोबतिणीच्या पाठीशी उभं राहणं हाही मंडळाचा नियमच आहे.

या आठवड्यात एवढं करा

ज्या समूहांत आहात, त्यांतला एक निवडा. तिथल्या एका लिहिणाऱ्याची एक कथा किंवा कविता दोनदा वाचा आणि त्याला चार नेमकी वाक्यं लिहून पाठवा. बदल्यात काही मागू नका. तुम्ही जसा वाचक शोधत आहात, तसाच तोही शोधतो आहे. कुणीतरी आधी वाचायला हवं. ते तुम्ही वाचा.